नाव दप्तरात, यंत्र आकाशात
हौशी ड्रोनचालकाची ओळख, त्याचा खासगीपणा आणि खाली राहणाऱ्यांचा एकांत

एके काळी अनेक नगरपालिकांच्या हद्दीत सायकल चालवावयाची म्हणजे तिला पितळी बिल्ला लावावा लागे. बिल्ल्यावर क्रमांक असे. मालकाचे नाव व पत्ता मात्र नगरपालिकेच्या नोंदवहीत राही. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यास सायकलस्वाराचे घर कळत नसे. पण सायकल चोरीस गेली अथवा कोणास धक्का लागला, तर त्या क्रमांकावरून मालकाचा शोध घेता येई. घरातील रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. त्या परवान्यावर नाव असे. पण कोणाच्या घरी रेडिओ आहे याची यादी चावडीवर लावली जात नसे. ओळख दप्तरात राहावी, चव्हाट्यावर येऊ नये, ही रीत अशी जुनीच आहे.

आज हाच प्रश्न आकाशात नव्याने उभा राहिला आहे. छंद म्हणून ड्रोन, म्हणजेच वैमानिकरहित लहान विमान, उडविणारे तरुण आता शहरांत आणि खेड्यांतही दिसू लागले आहेत. बेळगावच्या टिळकवाडीतील एखाद्या गच्चीवरून, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्यावरून किंवा निपाणीकडील उसाच्या मळ्यातून उडालेले यंत्र पाच-दहा मिनिटांत परिसराचे चित्रण करून परत येते. ते चित्रण इंटरनेटवर जाते आणि हजारो लोक ते पाहतात. अशा वेळी दोन प्रश्न निर्माण होतात. यंत्र उडविणाऱ्याने आपले नाव कोणाला सांगावे व कोणाला सांगू नये, हा पहिला प्रश्न. ज्यांच्या घरांवरून ते यंत्र गेले त्यांच्या एकांताचे काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले असल्याने त्यांचा एकत्रित विचार करणे उपयुक्त ठरेल.

अनोळखी यंत्राची भीती

ओळख लपलेली असली म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रातील ग्रामीण जनतेने अलीकडेच घेतला आहे. २०२४ सालच्या जून-जुलै महिन्यांत पुणे, बीड, जालना व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत रात्रीच्या वेळी ड्रोन फिरत असल्याच्या वार्ता पसरल्या. चोर अगोदर घरांची टेहळणी करून जातात, अशी समजूत झाली. ग्रामस्थ काठ्या घेऊन रात्र-रात्र जागू लागले, गस्तीची पथके निघाली आणि घाबरू नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन पोलिसांना करावे लागले.

या घटनेतून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. जमिनीवरील माणसाला आकाशातील दिव्यापलीकडे काहीच दिसत नाही. यंत्र कोणाचे, कशासाठी आले, त्यात कॅमेरा आहे की नाही, हे त्याला समजू शकत नाही. न समजणाऱ्या गोष्टीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ड्रोन हे ग्रामीण भागाला अपरिचित राहिलेले नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील मिळकतींची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने करण्यात येते आणि महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्या योजनेच्या पहिल्या टप्प्यापासून तीत सहभागी आहेत. मोजणीचे ड्रोन येण्यापूर्वी ग्रामपंचायतीला सूचना मिळते, कर्मचारी गावात येतात, चुन्याने हद्दी आखल्या जातात. म्हणून त्या यंत्राची कोणाला भीती वाटत नाही. भीती वाटते ती ज्याच्यासाठी कोणी उत्तरदायी दिसत नाही अशा यंत्राची.

नियम काय सांगतात

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम, २०२१ लागू केले. पूर्वीच्या नियमांच्या मानाने ते बरेच सुटसुटीत आहेत. वजनानुसार ड्रोनचे पाच वर्ग करण्यात आले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ते नॅनो, त्यावरील २ किलोग्रॅमपर्यंतचे मायक्रो, २५ किलोग्रॅमपर्यंतचे लहान, १५० किलोग्रॅमपर्यंतचे मध्यम आणि त्याहून जड ते मोठे. छंदासाठी वापरली जाणारी बहुतेक यंत्रे पहिल्या दोन वर्गांत मोडतात.

नियमांनी सूट दिलेली प्रकरणे वगळता प्रत्येक ड्रोनची नोंदणी करून त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक घेणे आवश्यक आहे. नोंदणीचे शुल्क १०० रुपये आहे. हा क्रमांक यंत्राच्या अनुक्रमांकाशी, तसेच त्यातील नियंत्रक भाग व हातातील नियंत्रण-संच यांच्या क्रमांकांशी जोडला जातो. म्हणजे सायकलच्या बिल्ल्याप्रमाणेच येथेही क्रमांक यंत्राचा असतो आणि मालकाचे नाव शासनाच्या दप्तरी असते. ड्रोन चालविण्याचे प्रमाणपत्र मात्र नॅनो ड्रोनसाठी लागत नाही. मायक्रो ड्रोनचा वापर व्यावसायिक नसेल तर त्यासही लागत नाही. मोबदला घेऊन लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्याचा वापर हा हौशी वापर नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ज्यांना प्रमाणपत्र हवे असेल, पण पासपोर्ट नसेल, अशांची अडचण सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने दूर झाली आहे. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन चालविण्याचा परवाना हेही आता पुरावे म्हणून चालतात. नियमभंगाबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नोंदणी टाळण्याकडे काही हौशी मंडळींचा कल असतो. त्यामागे कधी आळस असतो, कधी नाव दिल्यास चौकशी मागे लागेल ही धास्ती असते. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर केंद्र शासनाने सर्वसाधारणपणे बंदी घातली असल्याने, चोरट्या मार्गाने आलेले यंत्र विकत घेणारा साहजिकच नोंदणीपासून दूर राहतो. अशा रीतीने प्राप्त झालेली अनामिकता ही खासगीपणा नव्हे. ती केवळ लपवाछपवी होय, आणि यंत्र कोणाच्या अंगावर पडले की ती टिकत नाही.

टिळकवाडीवरील आकाश

उड्डाणासाठी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे तीन विभाग करण्यात आले असून त्यांचा नकाशा सप्टेंबर २०२१ पासून ‘डिजिटल स्काय’ या शासकीय संकेतस्थळावर उपलब्ध आहे. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल विभागात केंद्र शासनाच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही.

बेळगावसारख्या शहरात या विभागांचे महत्त्व विशेष आहे. सांबरा विमानतळ शहराच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर आहे व तेथेच वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि छावणीचा परिसर शहरातच असून टिळकवाडीपासून तो फार दूर नाही. त्यामुळे व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत किंवा लेले मैदानावर उभे राहून ‘येथे तर कोणीच नाही’ असा विचार करणे पुरेसे होत नाही. वरील आकाश कोणत्या विभागात येते, हे त्या दिवशीचा नकाशा पाहूनच ठरवावे लागते. निपाणीकडील मोकळ्या शिवारात परिस्थिती वेगळी असू शकते. परंतु तेथेही नकाशा पाहण्याचे कर्तव्य सुटत नाही. राज्य शासन वा पोलीस यंत्रणा तातडीच्या प्रसंगी एखादे क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल म्हणून घोषित करू शकते. असा आदेश पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी काढतो. सीमाभागात याचा एक व्यावहारिक परिणाम होतो. ड्रोन नियम केंद्राचे असल्याने कोगनोळीच्या अलीकडे व पलीकडे ते सारखेच आहेत. स्थानिक आदेश मात्र दोन राज्यांत निरनिराळे असू शकतात. यास्तव हद्दीजवळ यंत्र उडविणाऱ्याने दोन्ही बाजूंची माहिती घेणे श्रेयस्कर होय.

नाव कोणाला कळते

नोंदणी केल्यावर आपले नाव सर्वांना दिसेल काय, ही शंका रास्त आहे. नियमांनुसार ‘डिजिटल स्काय’वरील माहिती राज्य शासने, केंद्रशासित प्रदेश व कायदा राबविणाऱ्या यंत्रणा यांना उपलब्ध करून देण्यात येते. शेजारी, ग्राहक किंवा इंटरनेटवरील अपरिचित टीकाकार यांना ती द्यावी, असा त्याचा अर्थ नाही.

इतर देशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये हौशी ड्रोनचालकांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदणीतील नावे व पत्ते कोणालाही पाहता येतील काय, या प्रश्नावरून चिंता व्यक्त झाली. पुढे तेथे ‘रिमोट आयडी’ नावाची पद्धत आली. या पद्धतीत उडते यंत्र आपला क्रमांक, स्थान, उंची व वेग रेडिओलहरींद्वारे सतत सांगत राहते. त्याचबरोबर चालक कोठे उभा आहे तेही सांगते. चालकाचे नाव त्यात नसते. पण भ्रमणध्वनीवर योग्य साधन असलेल्या कोणासही चालकाची जागा समजू शकते. एका हौशी चालकाने व त्याच्या व्यवसायसंस्थेने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. उघड्या आकाशात यंत्र उडविणाऱ्यास आपण उभे असलेल्या जागेबाबत अशी गुप्ततेची अपेक्षा सामान्यतः बाळगता येणार नाही, या भूमिकेतून तेथील अपील न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ती मागणी अमान्य केली. तथापि, एकट्याने माळावर उभ्या असलेल्या मुलाला किंवा महिलेला आपली जागा अनोळखी माणसास कळणे धोक्याचे वाटते, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही.

भारताच्या नियमांत यंत्राचा ठावठिकाणा कळविणारे साधन बसविणे पुढे सक्तीचे करण्याचा अधिकार शासनाने राखून ठेवला आहे. तशी सक्ती झाल्यास किमान सहा महिन्यांची मुदत देण्यात येईल, असेही नियमांत नमूद आहे. मात्र सक्ती नसतानाही काही यंत्रे आपल्या परीने बोलत असतात. डीजेआय या चिनी कंपनीच्या यंत्रांतून जाणारा असा संदेश सांकेतिक स्वरूपात झाकलेला नसतो व त्यातून चालकाची जागाही वाचता येते, हे जर्मनीतील बोखुम व सारब्रुकेन येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. आपण आडोशाला उभे आहोत म्हणून आपण कोणाला ठाऊक नाही, असे समजणे त्यामुळे भाबडेपणाचे ठरते.

पत्ता आपणच देतो

हौशी चालकाचा पत्ता शासकीय दप्तरातून फुटण्यापेक्षा त्याच्याच हातून जाहीर होण्याचा संभव अधिक असतो. समजा, टिळकवाडीतील एका विद्यार्थ्याने टोपणनावाने आपले चित्रण प्रसिद्ध केले. नाव कोठेही नाही. पण चित्रणाच्या आरंभी यंत्र त्याच्याच घराच्या गच्चीवरून उठते. शेजारचा रेल्वे फाटकाचा रस्ता, समोरच्या दुकानाची पाटी, अंगणातील दुचाकीचा क्रमांक हे सर्व त्यात दिसते. छायाचित्राच्या पोटात अक्षांश-रेखांशाची नोंद आपोआप राहिलेली असते. काही यंत्रे चित्रणाबरोबर उड्डाणाच्या प्रत्येक क्षणाचे स्थान लिहिलेली वेगळी नोंदही तयार करतात. टोपणनावाचा पडदा अशा रीतीने पहिल्या काही क्षणांतच गळून पडतो. त्यानंतर एखादा रागावलेला प्रेक्षक दाराशी येऊन उभा राहिला, अथवा महागडे यंत्र कोठे ठेवले आहे हे चोराला कळले, तर नवल वाटावयास नको.

यावर उपाय साधे आहेत. उड्डाण शक्यतो घरापासून दूर, परवानगीच्या मोकळ्या जागेतून करावे. प्रसिद्ध करण्यापूर्वी उड्डाणाचा आरंभ व शेवट कापून टाकावा. छायाचित्रातील स्थानाची नोंद काढून टाकावी. चित्रण त्याच क्षणी प्रसिद्ध न करता घरी परतल्यानंतर करावे. ओळख क्रमांक, देयक किंवा नोंदणीच्या कागदाचे छायाचित्र कोठेही दाखवू नये. यंत्राबरोबर येणारे ॲप भ्रमणध्वनीत घेताना ते कोणकोणती माहिती मागते हे वाचून पाहावे आणि अनावश्यक परवानगी नाकारावी. नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. मध्यस्थाच्या हाती ओळखपत्राच्या प्रती सोपवू नयेत. नागरिकांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थांवर जबाबदारी टाकणारा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तथापि, स्वतःच्या हाताने उघड केलेली माहिती कोणताही कायदा परत आणून देऊ शकत नाही.

टोपणनाव घेण्यात गैर काहीच नाही. मराठी साहित्यात तर ती मानाची परंपरा आहे. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, वि. वा. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले. वाचकांपुढे टोपणनाव असे. पण प्रसंग पडल्यास लेखनाची जबाबदारी घेणारी व्यक्ती कोण, हे जाणणारे असत. हौशी ड्रोनचालकानेही प्रेक्षकांपुढे हवे ते नाव धारण करावे. शासकीय नोंदीत मात्र खरेच नाव असावे. टोपणनाव आणि बेनामी वर्तन यांतील भेद तो हाच.

खाली राहणाऱ्यांचा एकांत

जो खासगीपणा चालक स्वतःसाठी मागतो, तोच खाली राहणाऱ्या माणसाचाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. आपल्याकडील घरांची रचना पाहता या हक्काचा अर्थ सहज ध्यानी येईल. परसदारी न्हाणीघर असते, गच्चीवर वाळवण घातलेले असते, उन्हाळ्यात माणसे अंगणात व माळवदावर झोपतात. शेजाऱ्याच्या नजरेपासून भिंत वाचविते. वरून येणाऱ्या कॅमेऱ्यापासून ती वाचवू शकत नाही. घर बांधताना कोणी आकाशाला आडोसा केलेला नसतो.

कायदा या बाबतीत गप्प नाही. व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र तिच्या संमतीवाचून जाणूनबुजून घेणे वा प्रसिद्ध करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार, एकांतातील स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे यासाठी पहिल्या अपराधास किमान एक व कमाल तीन वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची शिक्षा आहे. कायद्याचा धाक दूर ठेवला तरी साधा सदाचार असा की, वस्तीवरून कमी उंचीने जाऊ नये, कोणाच्या अंगणावर थांबू नये, आणि चित्रणात ओळखू येणारी माणसे आल्यास त्यांना विचारल्यावाचून ते प्रसिद्ध करू नये.

गावाने काय करावे

गावावर अनोळखी ड्रोन दिसल्यास ग्रामस्थांनी प्रथम वेळ, दिशा व थांबलेली जागा टिपून ठेवावी आणि पोलीस ठाण्यास अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे. नोंदणी झालेल्या यंत्राचा मालक शोधणे हे पोलिसांचे काम आहे व त्यासाठी लागणारी माहिती त्यांना मिळू शकते. दगड मारून यंत्र पाडण्याचा मोह टाळावा. पडणारे यंत्र कोणाच्या डोक्यावर येऊ शकते, त्यातील बॅटरी पेट घेऊ शकते, आणि ते मोजणीचे किंवा फवारणीचे यंत्र असल्यास नुकसान गावाचेच होते. चालक सापडल्यास त्याला मारहाण करणे अथवा त्याचे छायाचित्र व पत्ता भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पाठविणे हेही तितकेच अनुचित आहे. त्याची चौकशी ठाण्यात होऊ शकते. चावडीवर ती होऊ नये.

हौशी चालकानेही एक पाऊल पुढे यावे. शिवारात उड्डाण करण्यापूर्वी जमिनीच्या मालकास व ग्रामपंचायतीस तोंडी कल्पना दिली, दिवसाउजेडी यंत्र उडविले आणि विचारणाऱ्यास ते हाती घेऊन दाखविले, तर बहुतेक शंका जागच्या जागी विरतात. यंत्रावर ओळख क्रमांक ठळकपणे लिहून ठेवल्यास ते भरकटून कोठे पडले तरी पोलिसांमार्फत परत मिळण्यास मदत होईल. शिक्षकांना या कामी मोठा वाव आहे. शाळेच्या मैदानावर एका तासात विद्यार्थ्यांना नकाशाचे तीन रंग, २५० ग्रॅमचे वजन आणि छायाचित्रात दडलेला पत्ता या तीन गोष्टी समजावून देता येतील. नकाशा इंग्रजीत असल्याने वडीलधाऱ्यांना तो वाचून दाखविण्याचे काम ही मुलेच करू शकतील.

आकाश सर्वांचे आहे, असे आपण म्हणतो. सर्वांच्या मालमत्तेचा उपयोग करणाऱ्याने सर्वांना आपल्या घराचा पत्ता देण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्याकडे दाद मागावयाची, त्यांच्या दप्तरात त्याचे खरे नाव असलेच पाहिजे. चालकाला निर्धास्तपणे छंद जोपासता यावा आणि खाली अंगणात बसलेल्या माणसाला निर्धास्तपणे वर पाहता यावे, यासाठी शंभर रुपयांची नोंद आणि थोडा विवेक ही काही फार मोठी किंमत नव्हे.